कुठल्या गॅसला आच जास्त?

आजचा भाग मी माझ्या नेहमीच्या खोलीतून केलेला नाही. मी आलोय होसकोट्याला, धाकट्या भावाच्या घरी, आणि बोलतोय थेट स्वयंपाकघरातून. व्हिडिओ पाहिलेल्यांना मध्येच कुकरची शिट्टी ऐकू आली असेल. पुस्तकात तेवढी सुटका आहे.

बंगळूरूहून पूर्वेला जुन्या मद्रास रस्त्याने निघालात की होसकोटे लागतं. मराठी इतिहासाला हे नाव नवं नाही. १६३८ नंतर विजापूर दरबाराने शहाजीराजांना बंगळूरूची जहागीर दिली, त्यात होसकोटे, कोलार हा सगळा मुलूख होता. पुढे १७६८ च्या ऑगस्टमध्ये गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांची छावणी इथेच पडलेली असताना हैदर अलीने रात्री तिच्यावर छापा घातला होता. पण आज मला त्या छावणीबद्दल बोलायचं नाही. आज विषय आहे ओट्याखालच्या लाल टाकीचा.

झालं असं. माझी भावजय मूळची रत्नागिरीची, लग्नानंतर बारा वर्षं ठाण्यात. दोन वर्षांपूर्वी भावाची बदली झाली आणि ती मंडळी इथे आली. शेगडी तीच, भांडी तीच, कुकर तोच. परवा डाळ शिजायला लावली आणि ती म्हणाली, "दादा, इकडच्या गॅसला आचच नाही हो. ठाण्याला आमची दुसरी कंपनी होती. तो गॅस कसा कडक होता."

मी हसलो नाही. कारण हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि आमच्या घरात त्या वाक्यापायी एका बाईला बरंच सोसावं लागलं. ते शेवटी सांगतो. आधी प्रश्न नीट मांडू या. एका टाकीतल्या गॅसला जास्त आच आणि दुसऱ्या टाकीतल्या गॅसला कमी, असं खरंच असतं का? उत्तर शोधायचं तर आधी हे पाहावं लागेल की माणसाने आच विकत घ्यायला सुरुवात कधी केली, आणि ती मोजली कशाने.

आधी उजेड, मग आच

गॅस घरात आला तो स्वयंपाकासाठी नव्हे, दिव्यासाठी. मुंबईत १८६५ च्या ऑक्टोबरमध्ये एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडी बाजारात रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. हा गॅस दगडी कोळशाचा. कोळसा बंद भट्टीत तापवायचा, निघालेला वायू धुऊन घ्यायचा आणि जमिनीखालच्या नळांतून सोडायचा. हे काम करणारी बॉम्बे गॅस कंपनी. लालबागमध्ये गॅस कंपनी लेन हे नाव आजही आहे, ते तिच्यामुळेच.

हा गॅस विकला जायचा घनफुटावर, मीटर लावून. आणि त्याचा कस ठरायचा तो उजेडावर. गॅस चांगला की वाईट हे ठरवताना विचारायचे, याची ज्योत किती मेणबत्त्यांइतका प्रकाश देते? आच किती, हा प्रश्नच नव्हता. मग १८८५ च्या सुमारास ऑस्ट्रियात वेल्सबाख याने मँटल काढलं. आपल्या पेट्रोमॅक्सच्या बत्तीत असते तीच पांढरी जाळीची पिशवी. आता उजेड ज्योतीतून येत नव्हता, तापलेल्या जाळीतून येत होता. म्हणजे उजेडालाही शेवटी आचच लागणार. वर विजेचे दिवे आले, आणि गॅसला स्वयंपाकघराकडे वळावं लागलं. इंग्लंडने १९२० मध्ये कायदाच बदलला. तेव्हापासून तिथे गॅसचा हिशेब उजेडावर नाही, उष्णतेवर होऊ लागला. त्यासाठी 'थर्म' नावाचं माप आणलं.

इथे मला थोडं थांबायचंय, कारण आजच्या विषयाची किल्ली इथे आहे. कोळशाच्या गॅसमध्ये जवळजवळ निम्मा हायड्रोजन असे, शिवाय मिथेन आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड. एक घनमीटर गॅस जाळला तर साधारण ४,३०० किलोकॅलरी उष्णता मिळायची. भट्टी बदलली, कोळसा बदलला की हा आकडाही बदलायचा. म्हणजे तुम्ही पैसे मोजलेत आकारमानाचे आणि हवी होती तुम्हाला उष्णता. एकाच मापाच्या दोन गॅसांमध्ये आच कमी-जास्त असू शकते, ही शंका त्या काळात अगदी रास्त होती. लोकांच्या मनात ती तेव्हापासून बसली, आणि टाकी आली तरी गेली नाही.

मोटारीच्या टाकीतला चोर

टाकीतला गॅस हा वेगळ्या घराण्याचा. १९१० मध्ये अमेरिकेत वॉल्टर स्नेलिंग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे एक तक्रार आली. नव्या फोर्ड गाडीचं पेट्रोल टाकीतून नुसतंच उडून जातंय. त्याने ते पेट्रोल काचेच्या बुधल्यात भरून नेलं, तर बूच सारखं उडायला लागलं. त्यातून बाहेर पडणारे वायू त्याने वेगळे केले, ते निघाले प्रोपेन आणि ब्युटेन. थोडा दाब दिला की द्रव होणारे, दाब काढला की पुन्हा वायू होणारे. १९१३ मध्ये त्याला पेटंट मिळालं.

हे दोन सख्खे भाऊच म्हणा, पण स्वभाव वेगळा. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळत राहतो, म्हणजे बर्फातही टाकीतून बाहेर येतो. ब्युटेन मात्र शून्य अंशाच्या जवळ आला की थिजल्यासारखा होतो, बाहेरच येत नाही. इंग्लंडमध्ये १९३५ पासून टाकीतला गॅस विकणाऱ्या कॅलर कंपनीकडे म्हणूनच दोन रंग दिसतात. ब्युटेनची टाकी निळी, ती घरात ठेवायची. प्रोपेनची लाल, ती बाहेर ठेवली तरी चालते. तिथल्या ग्राहकाला कुठला गॅस घ्यायचा हे निवडावं लागतं. आपल्याला लागत नाही, कारण आपल्याकडे घरगुती टाकीत दोघांचं मिश्रणच येतं.

आपल्याकडे हे कसं आलं? तुर्भ्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे ट्रॉम्बेला, १९५४ आणि १९५५ मध्ये पाठोपाठ दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. एक स्टॅनव्हॅकचा, जो पुढे एसो झाला, आणि दुसरा बर्मा शेलचा. तेल शुद्ध करताना हे वायू निघतातच. त्यांचं करायचं काय? पन्नासच्या दशकाच्या मध्यावर बर्मा शेलने मुंबईत ते टाकीत भरून 'बर्शेन' या नावाने विकायला काढले. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी हे नाव अजून असतं. १९६५ मध्ये इंडियन ऑइलचा 'इंडेन' कोलकात्यात सुरू झाला. १९७४ मध्ये एसोचं राष्ट्रीयीकरण होऊन हिंदुस्थान पेट्रोलियम झाली, १९७६ मध्ये बर्मा शेलचं झालं आणि तिची पुढे भारत पेट्रोलियम झाली. बर्शेन गेला, भारत गॅस आला. तीन कंपन्या, तीन नावं, आणि घराघरांत वाद सुरू. आमच्या गॅसला आच जास्त की तुमच्या?

किलोत मोजा, मग बोला

आता आकडे. घाबरू नका, तीनच आहेत.

पहिला आकडा वजनाचा. एक किलो प्रोपेन पूर्ण जाळला तर साधारण १२,००० किलोकॅलरी. एक किलो ब्युटेन जाळला तर साधारण ११,८००. फरक पावणेदोन टक्क्यांच्या आत.

दुसरा आकडा आकारमानाचा. एक घनमीटर ब्युटेन वायू हा एक घनमीटर प्रोपेनपेक्षा जवळजवळ ३० टक्के जास्त उष्णता देतो, कारण त्याचा रेणू मोठा आणि वायू जड. म्हणजे किलोत मोजलं तर प्रोपेन किंचित पुढे, घनमीटरात मोजलं तर ब्युटेन बराच पुढे. प्रश्न एकच, उत्तरं दोन. माप बदललं की उत्तर बदललं.

तिसरा आकडा आपल्या शेगडीचा. बर्नरच्या खाली पितळी जेट असतं, त्याला सुईएवढं भोक. रेग्युलेटरमधून ठरावीक दाबाने गॅस येतो आणि त्या भोकातून निघतो. जड वायू हळू निघतो, हलका भरभर. त्यामुळे ३० टक्क्यांचा तो फरक शेगडीवर येईपर्यंत अर्धाच उरतो. शुद्ध ब्युटेनची ज्योत शुद्ध प्रोपेनपेक्षा साधारण १४ टक्के तेज असेल. पण ज्योत तेज म्हणजे गॅसही तेवढा लवकर संपणार. टाकीतली एकूण उष्णता ठरते ती वजनावरच.

आता हे स्वयंपाकाच्या भाषेत सांगतो. आपली टाकी १४.२ किलोची. समजा एकात निव्वळ प्रोपेन आहे आणि दुसरीत निव्वळ ब्युटेन. दोन्हींतल्या एकूण उष्णतेतला फरक होतो साधारण २,८०० किलोकॅलरी. शेगडीवर बरीचशी आच भांड्याच्या बाजूने निसटते हे धरलं, तर तेवढ्यात वीस-पंचवीस लिटर पाणी उकळेल. महिनाभर पुरणाऱ्या टाकीत हा फरक अर्ध्या दिवसाच्या स्वयंपाकाचा. बस्स, इतकाच. आणि हा फरक दोन टोकांचा धरलाय. प्रत्यक्षात तिन्ही कंपन्या एकाच भारतीय मानकाप्रमाणे मिश्रण विकतात, एकमेकींच्या कारखान्यांतून माल उचलतात, आयातही सारख्याच ठिकाणांहून होते. होसकोटे तालुक्यातच देवनगोंथीला तेल कंपन्यांची मोठी ठाणी आहेत. मंगळूरूहून हासनमार्गे येणारी तेलाची पाइपलाइन तिथेच संपते. रस्त्याने जाताना टँकरची रांग दिसते. टँकरवर नावं वेगळी, आतला माल एकाच जातीचा.

मग लाकूड, रॉकेल सोडून गॅस आल्यावर आयांना एवढा फरक का जाणवला? कारण तिथे फरक खरोखरच मोठा होता. लाकडाची उष्णता किलोला साडेतीन-चार हजार किलोकॅलरी, आणि साध्या चुलीत त्यातला दहा-पंधरा टक्केच भाग भांड्याला लागतो. बाकी धूर, आणि तो कुणाच्या डोळ्यांत आणि छातीत जायचा हे वेगळं सांगायला नको. रॉकेलची उष्णता किलोला गॅसच्या जवळपास, पण स्टोव्हमध्ये निम्मीअधिक वाया. गॅसच्या शेगडीला आपलं मानक किमान ६८ टक्के कार्यक्षमता मागतं. म्हणजे गॅसची जादू नुसती आचेत नव्हती. ती आच भांड्यापर्यंत पोचण्यात होती.

भावजयीचं म्हणणं खोटं नाही

मग माझी भावजय चुकली का? नाही. गंमत इथे आहे. होसकोटे समुद्रसपाटीपासून जवळजवळ ९०० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब ठाण्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी. म्हणून इथे पाणी १०० अंशांना नाही, ९७ च्या आसपास उकळतं. उकळणारं पाणीच तीन अंश थंड, तर उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागणारच.

दुसरी गोष्ट. रेग्युलेटर गॅसला दाब देतो तो बाहेरच्या हवेपेक्षा थोडा जास्त. बाहेरची हवाच विरळ असेल तर जेटमधून निघणारा गॅसही विरळ. हिशेब केला तर तीच शेगडी, तीच टाकी, पण होसकोट्यात ज्योतीची आच ठाण्यापेक्षा पाच टक्क्यांच्या आसपास कमी पडते. टाकी तितकीच जास्त चालते, तोटा काही नाही. पण तव्यासमोर उभ्या असलेल्या बाईच्या हाताला ते कळतं. तिचं निरीक्षण बरोबर होतं, दोष मात्र कंपनीचा नव्हता, डोंगराचा होता. यावर उपाय कुकर. झाकण लावलं की आतला दाब चढतो आणि ठाणे-होसकोटे फरक एखाद-दीड अंशावर येतो. परवाची डाळ पातेल्यात होती.

मी हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मला वाटलं ते खरंच होतं ना?" खरंच होतं.

आमच्या घरातली टाकी

आता ते शेवटी सांगायचं राहिलेलं. आमचं घर डोंबिवलीचं. १९८० च्या दशकात गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची तो काळ. आमचा नंबर लागला, टाकी आली, शेगडीची पूजा झाली, पेढे वाटले. घरात आम्ही सात माणसं. टाकी एकच, संपली की दुसरी येईपर्यंत रॉकेलचा स्टोव्ह.

आमची टाकी बावीस-तेवीस दिवसांत संपायची. शेजारच्या काकूंची महिनाभर जायची, आणि त्यांच्याही घरात सात माणसं. वडिलांचं मत ठरलेलं, "त्यांची कंपनी वेगळी, त्या गॅसला आच जास्त." आजीचं मत त्याहून ठाम, "गॅस सगळीकडे सारखाच. सूनबाईचा हात सढळ." मग आईने दुधाला दोनदा आच द्यायची नाही. आंघोळीचं पाणी स्टोव्हवर. पाहुणे उठून गेले की आजी शेगडीच्या चाव्या बघून यायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर टाकी लावल्याची आणि संपल्याची तारीख लिहायचं काम माझ्याकडे होतं. अक्षर चांगलं म्हणून. मी ते अभिमानाने करायचो. टाकी लवकर संपली की आजी मला हाक मारायची, "किती दिवस झाले रे?" आणि मी मोठ्याने सांगायचो, "बावीस."

हे सात-आठ वर्षं चाललं. मग एकदा शेजारच्या काकांनी भंगारवाल्याकडून ताणकाटा आणला, आपल्या टाकीची शंका आली म्हणून. त्यांची बरोबर निघाली. गंमत म्हणून आमची नवी आलेली टाकी लावली. टाकीच्या कड्यावर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, त्यात १४.२ मिळवायचे. आमची साडेतीन किलोने कमी भरली. पुढची टाकीही तेवढीच कमी. एजन्सीचं नाव मी घेणार नाही. टाकी तिथून निघताना कमी झाली की वाटेत, हे कधी कळलं नाही. वडील जाऊन भांडून आले, पुढे एजन्सी बदलली.

आता हिशेब करा. १४.२ मधून साडेतीन गेले, राहिले १०.७. महिनाभर पुरणाऱ्या गॅसचे होतात साडेबावीस दिवस. माझ्या कॅलेंडरवरचा आकडा! वडिलांचं कंपनीचं मत चूक, आजीचं सढळ हाताचं मत चूक. कोळशाच्या गॅसच्या काळात मापावर शंका घ्यायला साधन नव्हतं, टाकीच्या काळात होतं. आच किलोने विकली जाते, तर चोरीही किलोतच होणार, आणि ती पकडायला काटा पुरतो. तो काटा आमच्या घरात सात-आठ वर्षं कुणी आणला नाही. बाईवर शंका घेणं जास्त सोपं होतं. काटा लागला तेव्हा आजी राहिली नव्हती. वडील एजन्सीवर चिडले, पण आईला कुणी काही म्हणालं नाही. मीही नाही.

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे, इथे होसकोट्यालाच असते. काल या भागाची टिपणं काढताना मी तिच्याजवळ बसलो आणि तिला हे सगळं सांगितलं. प्रोपेन, ब्युटेन, अर्ध्या दिवसाचा फरक, साडेबावीस दिवस. म्हटलं, "आई, आकडा मी ओरडून सांगायचो, ते चुकलंच." ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला कळायचं रे. टाकी सरकवताना हलकी लागायची." मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "एकदा बोलले होते. तुझी आजी म्हणाली, आता टाकीवरही आळ घेतेस का?" आणि मला निवडलेली भाजी धुवायला दिली.

मंडळी, तर आजचं उत्तर एवढं. मान्यताप्राप्त कंपन्यांच्या घरगुती गॅसमध्ये आचेचा फरक महिन्यात अर्ध्या दिवसाचाही नसतो. टाकी त्याहून खूप लवकर संपत असेल तर आधी वजन बघा. टाकी घेऊन येणाऱ्याकडे काटा असायला हवा, आणि सील तोडण्याआधी वजन करून मागणं हा तुमचा हक्क आहे. मग नळी आणि बर्नर तपासून घ्या. टाकी आडवी करणं, गरम पाण्यात ठेवणं असले प्रकार अजिबात करू नका. आणि घरातलं कुणी टाकी हलकी लागतेय म्हणालं, तर त्याच दिवशी काटा आणा.

पुढच्या भागात याच ओट्यावरच्या दुसऱ्या वस्तूकडे वळू, रॉकेलच्या स्टोव्हकडे. तुमच्या घरी पहिली टाकी कधी आली, कुठे आली, ते मला जरूर लिहा. भेटू या.